कोटातील मुक्काम : अहमदाबादेच्या जुन्या शहरात स्वस्तात उतरण्याविषयी

बडोद्याच्या माणसाला अहमदाबाद काही नवे नाही. अंतर शंभर किलोमीटरांचे. सकाळच्या गाडीने जावे, हायकोर्टाचे, दवाखान्याचे किंवा लग्नाच्या कापडचोपडाचे जे काम असेल ते उरकावे आणि रात्री घरी येऊन जेवावे, असा आपल्या घरोघरचा रिवाज आहे. त्यामुळे झाले आहे असे की, ज्यांनी काशी-रामेश्वर केले, जे अमेरिकेत मुलांकडे सहा-सहा महिने राहून आले, अशा आपल्यातील कित्येकांनी अहमदाबादेत मात्र एकही रात्र काढलेली नाही. आणि जुने अहमदाबाद, म्हणजे कोटातले अहमदाबाद, हे तर रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊच्या आधी पाहावयाचे शहर आहे. मधल्या वेळात तेथे दिसते ती केवळ रहदारी.

महोत्सवी वर्षात सभासदांच्या कुटुंबांसाठी एक-दोन मुक्कामांच्या लहान सहली काढाव्यात असा विचार निघाला, तेव्हा प्रत्येक बैठकीत दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले. खर्च किती येईल, आणि सत्तरीपुढच्या मंडळींचे कसे होईल? पहिला प्रश्न विचारणारे पुष्कळ होते. दुसरा प्रश्न ज्यांच्याविषयी होता ती मंडळी मात्र गप्प बसली होती. आपल्यामुळे इतरांस अडचण नको, या विचाराने घरी राहण्याची त्यांना आता सवय झाली आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही काही जण दोन वेळा कोटात राहून आलो. त्यात जे कळले ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम कोटाविषयी थोडेसे. कोट म्हटले की चारी बाजूंची भिंत डोळ्यांपुढे येते. ती तेथे आता नाही. सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्व तीरावर हे शहर वसविले. पुढे महमूद बेगड्याने १४८६-८७ च्या सुमारास त्याभोवती सुमारे दहा किलोमीटर घेराची तटबंदी आणि बारा दरवाजे पुरे केले. विसाव्या शतकात वाढत्या शहराला ही भिंत आवळू लागली व ती बहुतेक पाडली गेली. दरवाजे मात्र राहिले. दिल्ली दरवाजा, काळुपूर, सारंगपूर, रायपूर, आस्टोडिया हे दरवाजे भिंतीवाचून रहदारीच्या मध्ये उभे असलेले पाहून प्रथम चमत्कारिक वाटते, पण रिक्षावाल्याला अजूनही तेच पत्ते समजतात. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांच्या आत जाताना आपण 'शहरात जातो' म्हणतो, तसाच हा प्रकार. ८ जुलै २०१७ रोजी युनेस्कोने कोटातल्या या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. भारतातले असे हे पहिले शहर होय.

आपला संबंध तर याहून जवळचा आहे. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्यंतरी ते हातचे गेले आणि १७५८ मध्ये परत मिळाले. तेव्हापासून १८१७ पर्यंत, १७८० मध्ये इंग्रजांनी ते जिंकल्यानंतरची थोडी वर्षे वगळता, शहरावर पेशवे व गायकवाड अशा दोघांचा ताबा होता. पेशव्यांचा सुभेदार भद्राच्या किल्ल्यात, गायकवाडांचा अधिकारी नैर्ऋत्येस रायखडातल्या हवेलीत, आणि वसूल दोघांत वाटलेला. पेशव्यांचा हिस्सा काही वर्षे गायकवाडांनी इजाऱ्याने घेतला होता. त्याची मुदत संपल्यावर बोलणी करण्यासाठी बडोद्याहून पुण्यास गेलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास खून झाला, ही हकीकत आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकली असेल. गायकवाडांची ती हवेली पुष्कळ वर्षे पोलिसांकडे आहे, तेव्हा ती बाहेरूनच पाहावी. अलीकडच्या काळातले सांगावयाचे तर लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे जन्माने बडोद्याचे, पण त्यांची वकिली आणि नगरपालिकेतली कारकीर्द अहमदाबादेची.

आता उतरण्याच्या सोयीकडे वळू.

काळुपूर स्थानकातून बाहेर पडले की कोट समोरच लागतो. स्थानकापासून पश्चिमेस दोन समांतर रस्ते कोटाच्या आरपार जातात. एक गांधी रोड व दुसरा रिलीफ रोड. या दोन रस्त्यांवर, त्यांच्या मधल्या गल्ल्यांत आणि पश्चिमेच्या टोकाला लाल दरवाजाच्या आसपास स्वस्त खोल्यांची दाटी आहे. पाटीवर 'हॉटेल' असेल किंवा 'गेस्ट हाउस' असेल. खाली कापडाचे, घड्याळांचे किंवा विजेच्या सामानाचे दुकान, बाजूने एक अरुंद जिना, आणि वर दहा-पंधरा खोल्या, असा बहुतेकांचा नमुना. दोन माणसांची साधी खोली, आत स्वतंत्र न्हाणीघर व संडास, हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान मिळते. त्याहून कमी भाड्याच्याही खोल्या आहेत. पण कुटुंबासह जाणाऱ्यांनी त्यांचा मोह धरू नये असे आम्हांस वाटते.

दुसरी सोय धर्मशाळांची. काही ठराविक समाजासाठीच आहेत, काही सर्वांस खुल्या. भाडे थोडे, स्वच्छता पुष्कळदा लॉजपेक्षा चांगली, पण नियम कडक असतात. एकट्या माणसाला खोली न देणे, रात्री ठराविक वेळेच्या आत परतणे, बाहेरचे जेवण खोलीत न आणणे, यांपैकी काहीतरी असतेच. आधी फोन करून हे नियम विचारून घ्यावेत. माणेक चौकात रात्री अकराला खावयाचे आणि साडेदहाला धर्मशाळेचे दार बंद, अशी गत होऊ नये.

तिसरी सोय पोळांतल्या घरांची. पोळ म्हणजे एका वेशीच्या आत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांची वस्ती. तिच्या आत आणखी खडक्या आणि बोळ असतात. पूर्वी रात्री वेस बंद होई आणि राखणदार बसे. गुजरात सरकारने २०१४ मध्ये घरगुती निवासाचे धोरण जाहीर केल्यानंतर पोळांतल्या काही कुटुंबांनी घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. भाडे लॉजपेक्षा जास्त असते, पण बहुधा सकाळचा चहा-नाश्ता त्यात धरलेला असतो. ज्यांना परवडेल त्यांनी एक रात्र तरी येथे काढावी. याच पोळांत मोठ्या हवेल्यांची मोठी हॉटेलेही झाली आहेत. ती पाहण्यासारखी आहेत खरी, पण त्यांच्या एका रात्रीच्या भाड्यात आपले चौघांचे कुटुंब लॉजमध्ये तीन रात्री राहील. हवेली वाचली याचा आनंद मानून पुढे जावे.

पोळातल्या घराचे विशेष सांगितल्याविना पुढे जाववत नाही. दर्शनी भाग अरुंद, घर मात्र आत खोलवर गेलेले. मध्ये उघडा चौक, आणि अनेक जुन्या घरांत त्या चौकाच्या पोटात टाके. पावसाळ्यात छपरावरचे पाणी नळाने या टाक्यात उतरवीत, आणि झाकण लावलेले ते पाणी वर्षभर पिण्यास पुरे. बोळ इतके अरुंद ठेवलेले की दोन्ही बाजूंच्या घरांची सावली एकमेकांवर पडते व उन्हाळ्यातही पायाखाली थंडावा राहतो. विटांच्या भिंतींत लाकडाच्या तुळ्या व खांब गुंफलेले असल्याने भूकंपात घर हलते पण सहसा एकदम खचत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेस ज्या इमारती कोसळून माणसे गेली त्या मुख्यतः कोटाबाहेरच्या नव्या बहुमजली इमारती होत्या. पोळाच्या तोंडाशी कोरीव खांबावर पक्ष्यांसाठी चबुतरा असतो. झाडे तोडून घरे बांधली, तेव्हा पाखरांची सोय करणे आपले कर्तव्य, असा त्यामागचा भाव सांगतात. अशी घरे आता भराभर रिकामी होत आहेत. मुले नदीपलीकडे राहावयास जातात, घराला कुलूप लागते, आणि मग वाळवी व पाऊस आपले काम करतात. महानगरपालिकेने दोन हजारांहून अधिक घरे वारसा म्हणून नोंदविली आहेत. डागडुजीचा खर्च निघावा म्हणून मालकांना त्या जागेवरील न वापरलेला बांधकामाचा हक्क विकण्याची मुभा दिली आहे. पण ज्या घरात रात्री दिवा लागतो त्या घराचीच कौले वेळेवर शाकारली जातात. पाहुण्यांचे भाडे हा असा दिवा लागण्याचा एक मार्ग आहे.

खोली निवडताना काय पाहावे? १८६७ साली इंग्रज सरकारने सराईंचा कायदा केला. सराईवाल्याने खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, दारे, भिंती व छप्पर दुरुस्त राखावे, पहारेकरी नेमावा, भाड्याचे दरपत्रक उतारूंना दिसेल असे लावावे, आणि ज्या फांदीवरून चोर आत उतरू शकेल ती फांदी तोडावी, अशी कलमे त्यात होती. इतक्या वर्षांनंतरही खोली पाहताना याहून चांगली यादी आम्हांस सापडलेली नाही. फांदीऐवजी आता शेजारच्या गच्चीवरून उघडणारी खिडकी पाहावयाची, एवढाच फरक. तिचा अडसर नीट लागतो की नाही हे आत शिरल्याबरोबर पाहून घ्यावे.

या यादीत आमच्या अनुभवाची थोडी भर घालतो. पहिली गोष्ट जिना. कोटातल्या जुन्या इमारतींचे जिने उभे, अरुंद आणि अंधारे असतात. पोळांतल्या घरांत तर लाकडी जिन्याला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर असतो. 'लिफ्ट आहे' असे फोनवर सांगतात, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते हे तेथे गेल्यावर कळते. म्हणून 'लिफ्ट आहे का' एवढे विचारून भागत नाही. 'रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस सहसा थाप मारीत नाही, कारण त्याला पायऱ्या मनात मोजाव्या लागतात.

दुसरी गोष्ट मजला. सर्वांत वरची खोली घेऊ नये. तिच्यावर गच्ची असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत ऊब सोडीत राहतो. अगदी खालच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट. मधला मजला उत्तम. रस्त्याकडची खिडकी दिसावयास छान, पण झोपेला आतली खोली चांगली. ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांनी रस्त्याकडची घ्यावी आणि कानांत कापूस घालावा.

तिसरी गोष्ट आगीची, आणि ती आम्ही मुद्दाम ठासून सांगतो. एकच जिना, खाली कापडाचे दुकान आणि जिन्याखाली विजेच्या मीटरांची गर्दी, असे जेथे दिसेल तेथे स्वस्त असले तरी राहू नये. दुसरी वाट कोणती हे खोली ताब्यात घेण्यापूर्वी विचारावे व ती स्वतः चालून पाहावी. व्यवस्थापकाला वाईट वाटले तर वाटू द्यावे.

पाण्याविषयी इतकेच की, गरम पाणी पुष्कळ ठिकाणी सकाळी ठराविक वेळातच येते. ती वेळ विचारून ठेवावी.

व्यवहाराचे आता सांगतो. प्रत्येक प्रौढ माणसाने फोटो असलेले सरकारी ओळखपत्र बरोबर ठेवावे. उतारूंची नावे लॉजवाल्याला पोलिसांच्या 'पथिक' या संगणकावरील नोंदवहीत भरावी लागतात. नाव मोठे गोड ठेवले आहे. आजोबांचे ओळखपत्र घरी कपाटात राहिले म्हणून सर्व मंडळींस रात्री दाराबाहेर ताटकळावे लागते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवी तपासावी. भाडे ठरविताना माणसे किती, वयाने किती, जादा गादीचे किती, आणि कर धरून की वगळून, हे चारही प्रश्न फोनवरच विचारावेत. एके ठिकाणी आम्हांस तिघांची म्हणून सांगितलेली खोली प्रत्यक्षात दोघांची निघाली व जमिनीवर टाकलेल्या गादीचे वेगळे पैसे मागण्यात आले. दरपत्रक लावलेले नव्हते. आम्ही शांतपणे दुसरीकडे गेलो. कोटात हे सोपे जाते, कारण पन्नास पावलांवर दुसरी पाटी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. पूर्वी तो बारा टक्के होता. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लहान धंद्याला या कराची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याने पावतीवर कर लावावयाचा नसतो. तेव्हा कर मागितल्यास पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. पुष्कळ लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे संध्याकाळी सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली आपली. काही ठिकाणी मात्र दुपारी बाराला खोली सोडावी लागते. एका रात्रीच्या सहलीला चोवीस तासांची सोय फार मोलाची. सामान खोलीत राहते, आणि दुपारी वडील मंडळींना पाठ टेकता येते.

मोटार घेऊन जाऊ नये. कोटात ती चालविता येत नाही आणि उभीही करता येत नाही. आगगाडीने काळुपूर, किंवा एस. टी. ने गीतामंदिर, आणि तेथून रिक्षा. २०२२ पासून मेट्रोही आहे व तिचे घीकांटा स्थानक कोटाच्या पोटातच जमिनीखाली आहे. तेथे सरकता जिना व लिफ्ट असल्याने गुडघेदुखीच्या माणसांना ते सोयीचे पडते. सामान एका हातात मावेल एवढेच घ्यावे. पोळात रिक्षाही शेवटपर्यंत जात नाही.

इतके सर्व करून मिळते काय, असे कोणी विचारील. संध्याकाळी दुकानांची फळकुटे लागू लागली की माणेक चौकात जावे. हा चौक सकाळी गवत-भाजीचा, दिवसा सोन्या-चांदीचा आणि रात्री खाण्याचा. सराफ कुलुपे लावून गेले की त्यांच्याच ओट्यांपुढे बाके मांडली जातात, शेगड्या पेटतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत भाजीपाव, डोसे, कुल्फ्या यांची धांदल चालते. एका बाजूस अहमदशहाची कबर, दुसऱ्या बाजूस त्याच्या राण्यांच्या कबरी, त्यांस तेथे बादशाहनो हजीरो आणि राणीनो हजीरो म्हणतात, आणि मध्ये आपण पाव खात उभे. ज्यांना शेवटची गाडी धरावयाची असते त्यांना यातले काही घडत नाही, कारण हा बाजार भरू लागतो तेव्हा त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते.

सकाळ याहून चांगली. साडेसहाला बाहेर पडावे. महानगरपालिकेने १९९७ पासून चालविलेली सकाळची वारसा-फेरी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघते व पोळांतून वाट काढीत १४२४ साली पुऱ्या झालेल्या जामा मशिदीपाशी संपते. ती चांगली आहे. पण तिचा वेग वृद्धांस झेपत नाही आणि उंबरे-पायऱ्याही पुष्कळ. वडीलधाऱ्यांसाठी आम्ही याहून लहान वाट सुचवितो. लाल दरवाजापासून भद्र, भद्रापासून तीन दरवाजा, तेथून जामा मशीद आणि माणेक चौक. सपाट रस्ता, फार तर एक किलोमीटर, आणि सकाळी फेरीवाल्यांची गर्दी होण्याआधी तो चालता येतो.

भद्रात आझमखानाची सराई आहे. १६३७ साली मोगल सुभेदार आझमखानाने ती बांधली. या गृहस्थाला बांधकामाचा इतका नाद की लोक त्याला 'उधई', म्हणजे वाळवी, म्हणत. मराठी अमलात याच इमारतीच्या एका भागात भद्रकालीची स्थापना झाली. आजही सकाळी दर्शनाची रांग लागते. देवीला नमस्कार करून समोर पाहिले की तीन दरवाजा दिसतो.

तीन दरवाजापाशी घाई करू नये. दगडी तीन कमानी, त्यांतून जाणारी वाहने, आणि एका कोनाड्यात दिवा. शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला येथल्या पहारेकऱ्याने 'मी बादशहाची परवानगी घेऊन येईपर्यंत थांब' असे सांगितले आणि तो परत येऊच नये म्हणून त्याने आपले शिर दिले, अशी दंतकथा आहे. वचनाला बांधलेली लक्ष्मी म्हणून शहरातच राहिली. तो दिवा तिच्या नावाने एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तेवत ठेवीत आले आहे.

याच दरवाजावर एक शिलालेख आहे, आणि आपल्या मंडळींनी पाहावयाचा तो हाच. १० ऑक्टोबर १८१२ ही त्याची तारीख. सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी तो लावला. लिपी देवनागरी. बापाच्या मिळकतीतला मुलीचा वाटा तिला बिनहरकत मिळावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडील तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला किंवा रसूलला जाब देईल, असा त्याचा आशय आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली. मध्ये किती वर्षे गेली याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आमच्याबरोबर दांडिया बाजारच्या एक मावशी होत्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. 'माझे फिरणे संपले' असे सांगून त्या येण्यास तयार नव्हत्या. बावीस पायऱ्यांवरची मधल्या मजल्यावरची खोली शोधली, दोन वेळा विसावा घेत त्या चढल्या, आणि सकाळी आमच्या आधी आंघोळ करून खाली येऊन बसल्या. शिलालेखाचा मजकूर त्यांना समजावून सांगितला, तेव्हा बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दगडावर लिहून ठेवले होते तर. आणि आमच्याकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली, तेव्हा कोणी वाचून दाखविले नाही." आमच्यातल्या पुरुष मंडळींना यावर उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने मावशींनीच चहाची आठवण केली.

केव्हा जावे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मात्र १४ व १५ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवसांत, पोळांतल्या गच्च्यासुद्धा भाड्याने जातात, आणि खोली स्वस्तात मिळेल ही आशा धरू नये. आषाढ शुद्ध द्वितीयेला जमालपूरच्या जगन्नाथ मंदिरातून रथयात्रा निघून सर्व कोटातून फिरते. ती पाहावयाची असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहावे, कारण त्या दिवशी रस्ते बंद असतात. वृद्धांना मात्र त्या गर्दीत नेऊ नये. शनिवारी दुपारी जाऊन रविवारी परत येणे सर्वांत सोयीचे. रविवारी बरीच घाऊक दुकाने बंद असल्याने गल्ल्या मोकळ्या राहतात, आणि एलिस पुलाजवळ नदीकाठी गुजरी बाजार भरतो. तेथे जुनी पुस्तके, पितळेची भांडी, सुताराची हत्यारे असे काय वाटेल ते मिळते. घासाघीस करावी लागते. ती बडोदेकरांना शिकवावयास नको.

न्यासाच्या कार्यालयात या कामासाठी एक वही ठेवली आहे. जे सभासद कोटात राहून येतील त्यांनी तीत उतरण्याचे ठिकाण, तारीख, कर धरून दिलेले भाडे, रस्त्यापासून खोलीपर्यंतच्या पायऱ्या, गरम पाण्याची वेळ आणि दुसरी वाट आहे की नाही, एवढे लिहावे. आजवर सात नोंदी झाल्या आहेत. पायऱ्यांचा रकाना दोघांनी रिकामा सोडला आहे, त्यांनी तो भरून द्यावा. वही कार्यालयाच्या वेळात कोणासही पाहता येते, आणि ज्यांना कार्यालयाचा जिना चढणे कठीण जाते त्यांना ती घरी नेऊन दाखविण्याचे काम दोन तरुण सभासदांनी पत्करले आहे.